कौलं सोडून काहीही

३ फेब्रुवारी १९७४, रविवार. सकाळी ६.
आजपासून रोजनिशी. फौजेत स्टोअरचं रजिस्टर सतरा वर्षं लिहिलं, एक खाडाखोड नाही. घरात मात्र कशाची नोंद राहत नाही, आणि मग ज्याला जे वाटेल ते तो बोलतो. ही वही माझ्याशिवाय कोणी वाचायची नाही. ट्रंकेत, कुलपात.

काल सांगलीहून जावईबापूंचं कार्ड आलं. अंजनाला पाच महिने पुरे झाले. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे माझ्याकडे. मेच्या अखेरीला. घरात खोल्या दोन. एकीत चूल, दुसरीत जोंधळ्याची पोती आणि मी. डिसिजन: परड्यात नवी खोली. दहा बाय बारा. तीन भिंती नव्या घालायच्या, चौथी आयती आहे. भाऊसोच्या पडवीची सामाईक भिंत, मातीची पण दोन हात जाड.

भाऊसो हा माझा थोरला भाऊ. त्याच्याशी बोलणं दोन वर्षं बंद. कारण नोंदवून ठेवतो. अंजनाच्या लग्नपत्रिकेत माझ्या नावामागे 'हवालदार' छापलं होतं. गाव मला हवालदारच म्हणतो. प्रमोशन फक्त कागदावर यायचं राहिलं. हा इसम भर मांडवात, व्याह्यांच्या देखत म्हणाला, 'आमचा नाना लान्स नायक हुता गड्या, हवालदार कवा झाला?' आणि हसला. व्याहीही हसले. जिलेबी वाढणारासुद्धा हसला.

प्रश्न फक्त छपराचा. चार महिने आहेत. भरपूर.

४ फेब्रुवारी.
बायकोचं, आमच्या रंगूचं म्हणणं, यात ठरवायचं काय आहे, 'आवं, कौलं घाला की. थोरल्या दादांच्या पडवीला हायती तशी मंगलोरी.'

तशी! म्हणूनच नाही. उद्या गावात फिरून हा सांगणार की नानानं माझी नक्कल केली. तत्त्व पहिलं आणि शेवटचं: कौलं सोडून काहीही.

दुपारी टेप घेऊन परड्यात गेलो. पडवी शाकारली तेव्हाची कौलं याने हद्दीवर थप्पी लावून ठेवली आहेत, वर पोती टाकून. दोन वर्षं झाली, हलवत नाही. मोजलं. नऊ इंच माझ्या हद्दीत. ग्रामपंचायतीला अर्ज दिला. विषय: अतिक्रमण.

१० फेब्रुवारी, रविवार.
स्लॅब. याशिवाय दुसरा विचार का करत होतो कळत नाही. गावात एकही स्लॅब नाही. भाऊसोला रोज मान वर करून बघावं लागेल.

१२ फेब्रुवारी.
सिमेंटला परमिट लागतं. तालुक्याला जाऊन अर्ज केला. क्लार्कने कारण विचारलं. 'बाळंतपण' सांगितलं. तो म्हणाला, छापील यादीत विहीर आहे, गोठा आहे, बाळंतपण नाही, गोठा लिहू का? मी ताडकन उठलो. माझी लेक गोठ्यात बाळंत होणार नाही.

१ मार्च.
परमिट नाही. गोठा लिहायला हवा होता असं रंगू म्हणते. तिला प्रिन्सिपल समजत नाही.

३ मार्च, रविवार.
जोतीराम गवंडी आला. भिंती चालू. त्याला म्हटलं, परमिट मिळालं की स्लॅब टाकू. तर तो तंबाखू मळत म्हणतो, 'हवालदार, मातीच्या भितीवर सल्याब? भित बसंल खाली आन् सल्याब बसंल बाळातिनीवर.' विचारलं, मग काय घालावं? त्याने मान पडवीच्या कौलांकडे वळवली. मान वळवायचे पैसे मी देत नाही असं सुनावलं.

स्लॅब कॅन्सल. जोतीरामच्या सांगण्यावरून नव्हे. माझं आधीच ठरलं होतं.

१४ मार्च.
कराडला गेलो. सिमेंटचे पत्रे पाहिले. करड्या रंगाचे, शिस्तबद्ध, बरॅकसारखे. दुकानदार म्हणाला, गंजत नाहीत, वाजत नाहीत. दोन सँपल घेतले. कारखान्यावर ऊस टाकून परतणाऱ्या ट्रकमध्ये घालून आणले. एक रहिमतपूरच्या अलीकडे खड्ड्यात तडकला. ड्रायव्हरची चूक.

१५ मार्च.
माल स्वीकारण्याआधी ट्रायल, हा स्टोअरचा नियम. उरलेला पत्रा विटांच्या दोन थप्प्यांवर आडवा ठेवला आणि वर मधोमध उभा राहिलो. जोतीराम फळी घ्या, फळी घ्या म्हणून ओरडत होता. फळी घेतल्यावर ट्रायल कसली? पत्रा फेल. डावी पोटरी सोलवटून निघाली.

भाऊसोची बायको हरणावहिनी हे कुडावरून बघत होती. संध्याकाळी तिने रंगूकडे वाटीभर कुटलेली हळद पाठवली. परत पाठव म्हणून सांगितलं. फार झोंबायला लागलं तेव्हा थोडी लावली. ती आमच्याच घरची हळद असणार.

२४ मार्च, पाडवा.
अंजना आली. सातवा लागला. पोरगी पायानं सुजली आहे, चेहरा मात्र टवटवीत. मी तिला हाताला धरून खोली दाखवायला नेलं. तीन भिंती पुऱ्या, चौथी आयती, दार बसलेलं. ती आत उभी राहिली, वर बघितलं आणि म्हणाली, 'आबा, आभाळ लय झाक दिसतंय हितनं.'

पोरीला थट्टेची सवय सासरी लागलेली दिसते. लहानपणी अशी नव्हती.

रात्री जेवताना रंगू म्हणाली, पोरीला मे महिना कुठं काढायला लावणार आहात? मी म्हणालो, पाडव्याच्या मुहूर्तावर शब्द देतो, पंधरा दिवसांत छप्पर.

८ एप्रिल.
पंधरा दिवस झाले. छप्पर नाही. परंतु अभ्यास पुष्कळ झाला.

१० एप्रिल.
जस्ती पत्रा! इतके दिवस डोळ्यांसमोर होता. खुद्द आर्मीचं छप्पर. नवीन पत्रा कुठे मिळत नाही, पण शिरवळजवळ एकाने कोंबड्यांची शेड मोडली आहे, त्याचे जुने पत्रे विकायला आहेत. शिवाय उन्हात पत्रा चकाकतो, आणि भाऊसो सकाळी अंगणात ज्या दगडावर दात घासायला बसतो तिथे सूर्य बरोबर माझ्या छपरावरून त्याच्या डोळ्यांत जाईल. हे मी कागदावर रेघा मारून तपासलं.

१४ एप्रिल, रविवार.
पत्रे आले. खिळ्यांची जुनी भोकं आहेत, फार नाहीत. डांबर लावून बुजवली. पासष्टच्या पुढे मोजणं सोडलं.

१६ एप्रिल.
उताराचा वाद. जोतीरामला सांगितलं, उतार सामाईक भिंतीकडे काढ, तिथे पन्हळ बसव आणि पन्हळीचं तोंड भाऊसोच्या कौलांच्या थप्पीवर सोड. तो हातातली थापी खाली ठेवून म्हणाला, 'आपल्या छपराची पागोळी आपल्याच हद्दीत पडाय पायजे, ही रीत हाय. आन् मातीच्या भितीकडं पानी कोन सोडतं? भित पानी पिती, हवालदार.'

म्हणालो, पन्हळ असताना भिंत कशाने पिईल? तो म्हणाला, मग तुमीच बसवा. आणि गेला. मजुरी न मागता गेला, यावरूनच दिसतं की त्याचं मन त्याला खात होतं.

२१ एप्रिल, रविवार.
छप्पर पूर्ण! सगळं स्वतः केलं. पन्हळ रॉकेलच्या डब्यांची, पाच डबे कापून जोडले. जोडांत किंचित फटी आहेत. पत्र्यावर दगड ठेवले. वरून गाव दिसतो. भाऊसो अंगणात खाट विणत बसला होता. त्याने एकदाच वर पाहिलं आणि डोळ्यांवर हात धरला. चकाकी काम करते.

२३ एप्रिल.
अंजनाला समारंभपूर्वक नव्या खोलीत बसवलं. रंगूने नारळ फोडला. मी चार शब्द बोललो. अकरा वाजता पोरगी घामानं निथळून बाहेर आली. म्हणाली, भाकरी तव्यावर असते तशी झाले. दुसरं म्हणजे पत्रा तापला की कोंबड्यांचा वास येतो. ढवळून येऊन उलटी केली तिने. शिरवळच्या त्या माणसाने पत्रे धुवून दिले नाहीत. असली माणसं देशाचं वाटोळं करतात.

२५ एप्रिल.
धक्कादायक. दुपारी अंजना कुठे दिसेना. शोधलं. भाऊसोच्या पडवीत बाजेवर झोपलेली! हरणावहिनी तिचे पाय चेपत बसलेली! रंगूला जाब विचारला. म्हणे, 'तिकडं कौलाखाली गार वाटतं पोरीला. मीच धाडली. तुमी बसा तव्याखाली.'

माझी लेक, शत्रूच्या गोटात, कौलांखाली. अन्न गोड लागलं नाही. दीडच भाकरी खाल्ली.

२६ एप्रिल.
आजही तिकडेच. कुडापलीकडून हसण्याचा आवाज येतो. भाऊसो तिला माझ्या लहानपणच्या गोष्टी सांगतो म्हणे. आडाच्या काठावर मी बेडकाला घाबरलो होतो ती. मी घाबरलो नव्हतो. मागे सरलो होतो.

२८ एप्रिल, रविवार.
रिपोर्ट मागवले. अंजनाला विचारलं की तुला काय हवं? तिने आधी मला पाणी दिलं. मग म्हणाली, 'आबा, तुमच्याच घरात बाळात व्हायचंय मला. पर हितं जीव घाबरतो.' आणि डोळ्यांना पदर लावला.

मला फार वाईट वाटलं. हे लिहून ठेवतो. ही खोली थंड केल्याशिवाय मी हवालदार नाव लावणार नाही.

३० एप्रिल.
सापडलं. अंबाल्याला ऑफिसर मेसमध्ये उन्हाळ्यात वाळ्याचे पडदे असत आणि एक माणूस दिवसभर त्यावर पाणी मारी. आत सिमल्यासारखं गार. मी स्वतः पाहिलं आहे, बाहेरून. वाळा इथे कुठला? पण ऊस आहे, म्हणजे पाचट आहे. पत्र्यावर पाचटाचा वीतभर थर आणि त्यावर पाणी. थंडावा मोफत. कौलांना हे जमेल का?

४ मे.
पाचट घातलं. आडातून चाळीस बादल्या शेंदल्या आणि शिडीवरून ओतल्या. खोलीत हात लावला तर पत्रा चक्क गार! कोंबड्यांचा वास गेला. त्याऐवजी ओल्या पाचटाचा येतो, पण तो शेतकऱ्याचा वास आहे. अंजना तासभर बसली. म्हणाली, 'आता बरं हाय, आबा.'

बरं हाय! पाठीचे मणके ओरडत आहेत, तरी रात्री शीळ घातली.

११ मे.
रोज चाळीस बादल्या. वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी. गावात कोणी करून दाखवावं. पन्हळीतून पाणी जितकं जायला हवं तितकं बाहेर पडत नाही, निम्मंच पडतं. बाकीचं पाचट शोषून घेत असावं.

१७ मे.
सामाईक भिंतीवर आतल्या बाजूला शेवाळं धरलं आहे. थंडाव्याचं लक्षण. हात लावला की भिंत मऊ लागते. अंजनाला दाखवलं. तिने बाज भिंतीपासून लांब ओढून घेतली. बायकांचा स्वभाव भित्रा.

२० मे.
ऊन कडक. पाणी मारून एक तास झाला की पाचट पुन्हा वाळतं. अंजना दुपारी परत पलीकडे जायला लागली. बादल्या पन्नास केल्या.

२४ मे.
दोन वर्षांत पहिल्यांदा भाऊसोचा निरोप आला. रंगूच्या तोंडी. 'नानाला म्हनावं पानी बंद कर. भित फुगलीया.'

हे असं असतं बघा. माझी खोली गार झाली आणि पोरगी माझ्याकडे येईल म्हणून याच्या पोटात दुखतंय. फौजेत याला अफवा पसरवणं म्हणतात. बादल्या साठ.

२६ मे, रविवार.
अंजनाच्या पाठीत कळ येते. बयाबाई सुईण येऊन हात लावून गेली. दोन-चार दिवस म्हणाली. खोली रेडी आहे. बाजेला नवा सुंभ. कोपऱ्यात शेगडी. विळा, कोळसे, जुन्या लुगड्याची धडुती, बाळंतशोपा, सगळं यादीप्रमाणे. यादी दाराला लावली आहे. उद्यापासून अंजनाला पलीकडे जायची बंदी.

२७ मे, सोमवार. रात्री.
जसं घडलं तसं लिहितो.

दुपारी साडेतीन. मी शिडीवर. त्रेचाळिसावी बादली ओतली. आवाज फार मोठा झाला नाही. ओली पोती कोणी खाली टाकावीत तसा. समोर बघतो तर सामाईक भिंत नाही. माझ्या खोलीत मातीचा ढीग, त्यावर वासे, त्यावर पत्रे, त्यावर पाचट. नव्या बाजेचा एकच पाय वर दिसत होता. यादी मात्र दाराला होती.

मी 'अंजे' म्हणून ओरडलो. पुढचं आठवत नाही. शिडी उतरलो की उडी मारली, माहीत नाही. ढिगावर चढून हातांनी पत्रे ओढायला लागलो. त्यात पलीकडून आवाज आला, 'आरं नाना, हितं हाय पोरगी. हितं हाय. हात कापून घिऊ नगंस.'

बंदी मोडून ती जेवण झाल्याबरोबर पलीकडे गेली होती. भगदाडातून सगळी पडवी दिसत होती, छप्पर खांबांवर जागच्या जागी. अंजनाची बाज भिंतीपासून सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात. भिंत फुगलेली बघून भाऊसोने ती दोन दिवसांपूर्वीच तिकडे सरकवली होती. पोरीला धूळसुद्धा लागली नाही. पण दचकून कळा सुरू झाल्या. बयाबाई आली आणि म्हणाली, आता हलवायची नाही, होईल ते इथेच.

पुरुषमाणूस म्हणून भाऊसोला बाहेर काढलं. तो अंगणात आला. मी ढिगावर उभा. तो म्हणाला, 'सावलीत ये की. उनात का हुभा हाईस?' मी म्हणालो, माझी हद्द इथपर्यंत आहे. तोही तिथेच उन्हात उभा राहिला.

पावणेसात वाजता बाळ रडलं. मुलगी. वहिनीने धडुत्यात गुंडाळून आणून माझ्या हातात दिली. तेव्हा मी पडवीत होतो. हद्द कधी ओलांडली त्याची नोंद करायची राहिली.

वर बघितलं. कौलं.

३० मे.
दोघी ठीक. मुक्काम तिकडेच. रंगूही तिकडेच. माझं जेवण भगदाडातून येतं.

जोतीराम येऊन पडझड पाहून गेला. 'मी म्हणलं हुतं' असं तो म्हणेल म्हणून मी उत्तर तयार ठेवलं होतं. तो म्हणाला नाही. उत्तर वाया गेलं. पाणी लागल्याने भिंत पडली असं सर्वांचं मत. माझं मत, भिंतच मुळात निकृष्ट होती. वडिलांनी बांधली, तेव्हा भाऊसो मोठा होता, त्याने लक्ष द्यायला हवं होतं. तो तेव्हा नऊ वर्षांचा होता हे खरं.

१ जून.
चौघी बायकांनी, बयाबाई धरून, भिंतीबद्दल बैठक घेतली. मला बोलावलं नाही. ठरलं असं: पक्क्या विटांची भिंत, मधे दार. दाराला दोन्हीकडून कडी नको. छपराचं काय, असं मी भगदाडातून विचारलं. मग बाजेवरून अंजना म्हणाली, 'आबा, छपराचं तुमी नगा बघू.'

३ जून.
ग्रामपंचायतीचा शिपाई नोटीस घेऊन आला. चार महिन्यांनी माझ्या अर्जाचा निकाल. अर्जदाराचं म्हणणं मान्य, कौलांची थप्पी सात दिवसांत हद्दीबाहेर हलवावी. माझा विजय. लेखी, शिक्क्यासह.

नोटीस घेऊन दिमाखात भाऊसोकडे गेलो. तो नातीला मांडीवर घेऊन बसला होता. म्हटलं, उरलेला माल हलव. त्याने नोटीस उलटसुलट केली आणि म्हणाला, 'उरल्याली न्हाईत ती. तुझीच हायती.'

मला समजलं नाही. तो म्हणाला, 'अंजीचं लगीन ठरलं तवाच पडवी शाकारत हुतो. म्हणलं, आज ना उद्या पयल्या बाळातपनाला पोरगी हितं येनार, परड्यात खोली काढावी लागनार. माझ्या गाडीत तुझीबी आनली. लगीन झालं की दीन म्हणलं. मग मांडवात माझ्या तोंडातनं त्ये गेलं, आन् तू बोलायचंच सोडलंस. कुनाला सांगू?' मी विचारलं, खोलीचं माप तुला काय ठाऊक? 'त्या तेवढ्या जाग्यात दुसरी कितीशी खोली हुनार हाय?'

मी म्हणालो, विचार करून कळवतो.

४ जून. पहाटे.
कोणी उठायच्या आत पोती काढून थप्पी मोजली. दोनशे वीस. पाटीवर हिशेब मांडला. दहा बाय बाराला, उतार धरून, लागतील दोनशे आठ. बारा फुटीतुटीला. सतरा वर्षं स्टोअरमध्ये काढली. मालाच्या मागणीचा इतका अचूक इंडेंट मी कधी पाहिला नाही, आणि केला तर नाहीच.

त्याने मुद्दाम केलं. मला कमी लेखायला. पोती परत घातली, चारी कोपरे नीट दाबून.

६ जून, गुरुवार.
विटांची भिंत काल कशीबशी पुरी झाली. परवा बारसं, त्याआधी छप्पर. जोतीराम वर, भाऊसो शिडीवर, मी खाली थप्पीपाशी. मी देतो, भाऊसो घेतो, असं ठरलं होतं. पण दहाव्या कौलाला माझ्या पोटरीत पेटका आला. तेव्हा माझा जॉब बदलला. दाराकडच्या भिंतीवर अडकून राहिलेले जुने पत्रे खाली घ्यायचे. भाऊसो ते ओढून वरून सोडत होता.

म्हणाला, 'धर, लान्स नायक.'

धरला.